ब्रेन ट्यूमरनंतर मुलाचं न्यूरोसायकॉलॉजी टेस्टिंग, करावं का? (5 पैकी 4 स्टार)

न्यूरोसायकॉलॉजी टेस्टिंग म्हणजे मुलाचं लक्ष, स्मरणशक्ती, विचारांचा वेग मोजणाऱ्या टेस्ट. करू का नको असं विचारत असाल तर करून घ्या. आमच्या मुलाला मेड्युलोब्लास्टोमा (मेंदूतला कॅन्सरचा ट्यूमर) होता, ऑपरेशन, रेडिएशन, किमो सगळं पार पडलं, एमआरआय क्लीन येतोय, आणि शाळेतून मात्र सारखं तेच, लक्ष देत नाही, वही अर्धी, आळशी झालाय. कॅन्सरचे डॉक्टर ट्यूमरचं सांगणार, वहीचं कोण सांगणार?

पहिली गोष्ट आवडली ती ही की टेस्ट घेणाऱ्या सायकॉलॉजिस्ट मॅडमनी टेस्टला हात लावायच्या आधी कानाचा रिपोर्ट मागितला. सिस्प्लॅटिन या किमोच्या औषधाने वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येणं कमी होऊ शकतं, आणि मुलाला सूचना नीट ऐकूच आली नाही तर ते मेमरीच्या खात्यात जमा व्हायचं. दमला की थांबवायच्या, उरलेलं दुसऱ्या दिवशी.

टेस्ट वेक्सलरची, म्हणजे आयक्यूची, 6 ते 16 वर्षांच्या मुलांना देतात ती, सरासरी 100 धरलेली. एकूण आयक्यूचा आकडा बघून छातीत धस्स होतं पण त्यात फार अडकू नका, खरं कामाचं आतल्या वेगवेगळ्या स्कोअरमध्ये असतं. आमच्याकडे शब्दांची समज, बोलणं ठीकठाक, वर्किंग मेमरी (ऐकलेलं डोक्यात धरून त्यावर काम करणं) कमी आणि प्रोसेसिंग स्पीड तर पार खाली. म्हणजे उत्तर येतं हो त्याला, यायला वेळ लागतो, तोवर बाई फळा पुसून मोकळ्या! मेंदूच्या भागांना जोडणारं जे व्हाइट मॅटर असतं त्याला रेडिएशनचा फटका बसतो, वय जितकं लहान आणि डोस जितका जास्त तितका धोका जास्त. आणि एक गोष्ट मला इथेच पहिल्यांदा नीट कळली, आयक्यू वर्षागणिक उतरताना दिसला तरी बहुतेक वेळा मूल शिकलेलं विसरत नसतं, नवीन शिकतच असतं पण बरोबरीची मुलं जास्त वेगाने पुढे जातात आणि स्कोअर वयाच्या तुलनेत काढतात म्हणून तो घसरतो. हे ऐकल्यावर घरातली 'येत होतं की तुला' वाली कटकट बंद झाली.

आता एक स्टार का कापला. रिपोर्ट! पानंच्या पानं परसेंटाइल, इंडेक्स, कॉन्फिडन्स इंटरव्हल, शाळेत कोण वाचणार ते? आणि समजावून सांगायची मीटिंग घाईत उरकली. मी मागे लागून शिक्षकांसाठी एक पान वेगळं लिहून घेतलं: परीक्षेला जादा वेळ, फळ्यावरून उतरवण्याऐवजी तयार नोट्स, एका वेळी एकच सूचना, दहा गणितांऐवजी पाच. शाळेत चाललं ते हे पान, तुम्हीही मागाच.

सोबत कॉम्प्युटरवरचं ब्रेन ट्रेनिंग पण सुचवतात. माझं मत, त्या खेळात आणि तसल्याच टेस्टमध्ये सुधारणा दिसते, अभ्यासात उतरेलच असं नाही, पैसे बघून ठरवा.

रेडिएशनच्या आधी बेसलाइन (पुढे तुलना करायला पहिली टेस्ट) करता येत असेल तर अजिबात सोडू नका, कारण परिणाम हळूहळू, काही वर्षांनी पण दिसतात आणि मग तुलना कशाशी करणार. पण लगेच लगेच रिपीट करू नका, सरावाने स्कोअर उगाच फुगतो, साधारण वर्षभर तरी जाऊ द्या. आणि टेस्ट सकाळची घ्या.