फ्री डिशला रिचार्ज नसतो

परवा बाजारच्या दिवशी शेजारच्या गावात एक टेम्पो उभा दिसला. टपावर डिशची छत्री, मागे चालू टीव्ही आणि भोंग्यावर एकच घोषणा: सरकारी फ्री डिश, एकदाच पैसे भरा, आयुष्यभर टीव्ही बघा. ऐकून पोटात गोळा आला. 2022 च्या दिवाळीआधी असाच टेम्पो आमच्या गावात आला होता आणि 14 घरांना गंडवून गेला. त्यातल्या निम्म्याहून जास्त घरांनी माझ्याकडे बघून पैसे दिले होते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. गुरुजींनी घेतलं म्हणजे तपासूनच घेतलं असणार, असं गाव धरून चालतं. मी काहीही तपासलं नव्हतं. म्हणून जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

आमचं गाव वैजापूर तालुक्यातलं. पूर्वी घरोघरी अँटेना असायचा, तोंड म्हैसमाळच्या टॉवरकडे. वारा सुटला की पडद्यावर मुंग्या. पुढे दूरदर्शनने जमिनीवरची जुनी प्रक्षेपण केंद्रं टप्प्याटप्प्याने बंद केली. 2022 च्या मार्चपर्यंत देशभरातली बहुतेक बंद झाली होती. त्याआधी, 2016 मध्ये, 16 शहरांत अँटेनावरच डिजिटल प्रक्षेपण सुरू झालं होतं. त्यात मुंबई होती आणि आमचं तेव्हाचं औरंगाबादही होतं. पण त्यावर दूरदर्शनच्या पाचेक वाहिन्या, आणि तोही सिग्नल आमच्यापर्यंत पोचत नव्हता. केबलचं म्हणाल, तर 2019 मध्ये वाहिन्यांच्या दराचे नवे नियम आले. नुसतं मूळ भाडंच कराशिवाय 130 रुपये, वर एकेका वाहिनीची वेगळी किंमत. घरटी महिना 300 रुपये कुठे गेले नाहीत. मजुरीवर जगणाऱ्या घराला हे परवडत नाही.

2022 च्या त्या टेम्पोतल्या माणसाला हे सगळं पाठ होतं. टॉवर बंद झाले, हे त्याने सांगितलं, ते खरं होतं. केबल महागली, खरं. सरकारची फुकट छत्री आहे, तिला महिन्याचं भाडं नाही, तेही खरं. तीन खऱ्या गोष्टी ऐकल्यावर चौथी तपासावी असं मला वाटलंच नाही. चौथी अशी होती: "गुरुजी, ही योजना तालुक्याला ठरावीकच आहे. 3,200 रुपयांत सगळे चॅनेल, मराठी, क्रिकेट, सिनेमे. उद्यापासून दर वाढणार."

त्याच्या हातातल्या कागदावर तीन सिंहांची राजमुद्रा छापलेली होती. टेम्पोतल्या टीव्हीवर खरोखरच सगळं दिसत होतं, पैसे भरल्याशिवाय न लागणाऱ्या वाहिन्यासुद्धा. बॉक्सच्या मागे त्याने स्वतःचा मोबाइल उभा करून ठेवला होता. मला वाटलं, चार्जिंगला लावलाय. पुढे वैजापूरच्या एका मेकॅनिकने उलगडून सांगितलं. तो मोबाइल त्या बॉक्सला नेट पुरवत होता. पैसे भरलेल्या कुणाच्या तरी कार्डाच्या किल्ल्या नेटवरून चोरून आणायच्या आणि बंद वाहिन्या उघडायच्या, असे बॉक्स मिळतात. ते बेकायदेशीर आहे. आम्हाला दिलेले बॉक्स तर तसलेही नव्हते. दाखवला एक, दिला दुसरा.

छत्र्या बसल्या, वाहिन्या लागल्या, फक्त टेम्पोत पाहिलेल्या नव्हत्या. "आठ दिवसांत वरून चालू होतील," असं सांगून तो गेला. आठाचे पंधरा झाले. मी फोन केला की म्हणायचा, दिवाळीमुळे काम तुंबलंय. नंतर लोकांनीच नाद सोडला. सह्याद्रीच्या सातच्या बातम्या दिसत होत्या, सिनेमे दिसत होते, गाणी होती. 3,200 जास्त वाटले, पण फसलो असं कुणी म्हटलं नाही. बाजारात छत्री, बॉक्स, वायर आणि बसवण्याची मजुरी धरून हेच काम दीड-दोन हजारांत होतं, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं.

खरा घाव एप्रिलमध्ये बसला.

2023 च्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सकाळी शेजारच्या आजी दारात आल्या. "गुरुजी, टीव्हीत काहीच लागंना वं. नुसतं निळं." माझ्याही टीव्हीवर अर्ध्या वाहिन्या गायब होत्या. दुपारपर्यंत पाच-सहा घरांतून तोच निरोप आला. संध्याकाळी सगळ्यांचे फोन वाजू लागले. तोच माणूस. "तुमचं वर्ष संपलं. वार्षिक नूतनीकरण 600 रुपये. आज भरलं नाही तर बॉक्स कायमचा ब्लॉक होईल." आम्ही बॉक्स घेतल्याला सहा महिनेसुद्धा झाले नव्हते. मी तेही त्याला विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "सरकारचं वर्ष मार्चला संपतं, गुरुजी. तुम्हाला मी सांगायला पाहिजे का?" मी गप्प बसलो. मोबाइलवरून 600 रुपये पाठवले. लगेच त्याचा फोन आला. "आता रिमोट घ्या. मेनू दाबा. इन्स्टॉलेशनमध्ये जा. ऑटो स्कॅन करा. थांबा. आता सेव्ह करा." पडद्यावर एक पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत गेली आणि सगळ्या वाहिन्या परत आल्या. मी बाहेर येऊन सांगितलं, पैसे भरले की चालू होतं. 11 घरांनी भरले. ज्यांच्याकडे मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय नव्हती त्यांचे मीच पाठवले. आजींना तेव्हा श्रावणबाळ योजनेचे महिन्याला 1,000 रुपये मिळायचे. त्यातले 600 त्यांनी पदराच्या गाठीतून काढून माझ्या हातावर ठेवले.

आठ दिवसांनी वळवाच्या वाऱ्याने माझी छत्री फिरली, म्हणून वैजापूरचा मेकॅनिक बोलावला. आमच्याकडून ही छत्री आग्नेयेला बघते, चांगली वर मान करून. पूर्व रेखांश 93.5 अंशांवर जीसॅट-15 हा उपग्रह आहे, तिकडे तिचं तोंड लागतं. त्याने नट सैल केला, छत्री केसभर सरकवली, खाली येऊन रिमोट घेतला. मेनू, इन्स्टॉलेशन, ऑटो स्कॅन, सेव्ह. तीच चार बटणं. तीच पट्टी. मी विचारलं, यासाठी पैसे भरावे लागत नाहीत का? तो माझ्याकडे बघतच राहिला. "कशाचे पैसे? फ्री डिश आहे ना ही?"

मग त्याने बॉक्स उलटा केला. खालचं 'फ्री डिश'चं स्टिकर एका कोपऱ्यात सुटलं होतं. नखाने ओढल्यावर आतून जुनं लेबल निघालं, त्यावर उत्पादनाचं वर्ष 2014. कुणाच्या तरी घरातले काढून टाकलेले बॉक्स पुसून, स्टिकर चिकटवून आम्हाला विकले होते. चित्र पाठवायच्या जुन्या, एमपेग-2 पद्धतीचे. आता बऱ्याच वाहिन्या नव्या एमपेग-4 पद्धतीवर येतात, त्या या बॉक्सवर कधीच लागणार नव्हत्या. आठ दिवसांत नाही आणि आठ वर्षांतही नाही.

ही व्यवस्था कशी चालते हे मी त्यानंतर समजून घेतलं. घ्यायच्या आधी घेतलं असतं तर 14 घरं वाचली असती. दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने ही सेवा डिसेंबर 2004 मध्ये 33 वाहिन्यांनी सुरू केली, तेव्हा नाव डीडी डायरेक्ट प्लस होतं. आज शंभराहून जास्त वाहिन्या आहेत आणि देशात 4 कोटींहून अधिक घरांत ही छत्री असल्याचा अंदाज आहे. खासगी वाहिन्या इथली जागा लिलावात विकत घेतात आणि जाहिरातींवर कमावतात. पैसे त्या भरतात, प्रेक्षक नाही. आपली छत्री रेडिओसारखी आहे: ती फक्त ऐकते, वर काही कळवत नाही. आपण महिन्याचे ग्राहक नाही, आपल्या नावावर कुठलं खातं चालू नसतं. म्हणून संपायला वर्ष नाही, भरायला रिचार्ज नाही आणि पैसे थकले म्हणून कुणी बंद करू शकेल असंही काही नाही.

मग एप्रिलमध्ये वाहिन्या का गेल्या? लिलावाचं वर्ष 1 एप्रिलला बदलतं. कुणी जागा सोडतो, कुणी नवा येतो, वाहिन्या इकडच्या तिकडे होतात. मोठ्या कंपन्यांनी आपल्या हिंदी वाहिन्या 2019 मध्ये इथून काढल्या होत्या, 2020 मध्ये परत आणल्या, 2022 मध्ये पुन्हा काढल्या. बॉक्सला नवी जागा सापडावी म्हणून नव्याने स्कॅन करावं लागतं, बस्स. त्या माणसाला ही तारीख माहीत होती आणि आम्हाला नव्हती. 1 एप्रिलची तो वाट बघत बसला होता. पावसाळ्यातही हेच करतात असं मेकॅनिक म्हणाला. ढग दाटून जोराचा पाऊस आला की या छत्रीचा सिग्नल जातो आणि पाऊस ओसरला की आपोआप येतो. त्या अर्ध्या तासात फोन करून पैसे मागणारे आहेत.

मजुरी वेगळी. छत्री वाऱ्याने किंवा माकडांनी हलवली, वायर उंदराने कुरतडली, छत्रीवरचा सिग्नल पकडणारा भाग, एलएनबी, खराब झाला, तर मेकॅनिक येऊन काम करतो आणि त्याचे पैसे घेतो. ते त्याच्या कष्टाचे आहेत, जरूर द्यावेत. पण तुमच्या घरी न येता फोनवरून जो नूतनीकरण, केवायसी, सॉफ्टवेअर किंवा अनब्लॉकचे पैसे मागतो, त्याला एक रुपयाही देऊ नका. नवी छत्री घेणार असाल तर तालुक्याच्या दुकानातून घ्या, जिथे उद्या परत जाता येईल. बॉक्स एमपेग-4 आहे ना, ते लेबलवर वाचा आणि स्टिकरच्या खाली दुसरं स्टिकर नाही ना ते बघा. विकणाऱ्याच्या टीव्हीवर काय दिसतं याला अर्थ नाही. जो बॉक्स तुम्ही घेणार, तोच तुमच्या टीव्हीला लावून, त्याचा मोबाइल बाजूला ठेवायला सांगून, बघा.

आमच्या पैशांचं काय झालं तेही सांगतो. पावतीवर पुण्याचा पत्ता होता. माझे मेहुणे जाऊन आले. तिथे मोबाइल दुरुस्तीचं दुकान, त्यांचा या कशाशीच संबंध नव्हता. पोलीस ठाण्यात अर्ज दिला. 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवली, पण तोवर नऊ दिवस उलटले होते आणि त्या खात्यातून पैसे पुढे गेले होते. हा नंबर पैसे गेल्यावर जितक्या लवकर लावाल तितका उपयोग होतो. घरटी 3,200 तर रोख दिले होते, त्याचा माग निघालाच नाही. 14 घरांचे मिळून 44,800, आणि वर नूतनीकरणाचे 6,600.

ज्या घरांचे 600 माझ्या हातून गेले होते, त्यांना ते मी परत केले. आजी घेत नव्हत्या. "तुम्ही का देता गुरुजी, खाल्ले त्यानं," म्हणाल्या. मी त्यांच्या देवळीत ठेवून आलो. चार बटणांचा क्रम मोठ्या अक्षरात कागदावर लिहून प्रत्येक घरात टीव्हीच्या मागे चिकटवला, खाली लाल पेनाने '1 एप्रिलनंतर' असं लिहिलं. आजी आता स्वतःच स्कॅन करतात.

तीन घरांनी मात्र तेव्हाच छत्री उतरवून ठेवली. तिथे पुन्हा केबल आली आहे, महिना 300 रुपये. फ्री डिश म्हणजेच फसवणूक, असं त्यांच्या मनात बसलंय आणि माझं ते ऐकून घेत नाहीत.