भिंतीलगतचं भिलाई: आठ महिन्यांनंतर

भिलाई पोलाद कारखान्याच्या आतल्या रुळांचं मॉडेल १:८७ म्हणजे एचओ मापात उभारून आठ महिने झाले. काटकोनात जोडलेल्या दोन फळ्या, एक आठ फुटांची, दुसरी पाच. आमचं बालपण तिथल्या सेक्टरमध्ये गेलं, बाबा प्लांटमध्येच होते. त्यामुळे दुसरा कुठला विषय मनात आलाच नाही.

लहान घरासाठी हा विषय फार सोयीचा आहे. एक्स्प्रेस गाडीला लांब, सैल वळणं लागतात. कारखान्यात मात्र छोटं डिझेल इंजिन चार वाघिणी घेऊन मुंगीच्या पावलांनी फिरतं. ४३८ मिलिमीटर त्रिज्येचं वळण इथे खटकत नाही. एक तडजोड करावी लागली: आपल्या रुंदमार्गाच्या दोन रुळांतलं अंतर १६७६ मिलिमीटर, या मापात ते १९.३ भरायला हवं. तयार रूळ १६.५ चे मिळतात. मी तेच घेतले.

पहिले दोन महिने मात्र डोकेदुखी होती. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ते सांधे मी स्वस्तात घेतले होते. त्यांचा मधला भाग प्लास्टिकचा, तिथे वीज नाही. आखूड इंजिन नेमकं त्यावरच थांबायचं. सगळे सांधे बदलून मधल्या भागातही वीज खेळणारे घातले, इंजिनात थोडी वीज साठवणारा कपॅसिटर बसवला, तेव्हा कुठे ते संथ चालू लागलं. सांध्यांवर पैसे वाचवू नका. खडीसाठी नदीची काळी वाळूही वापरू नका. तिच्यात मॅग्नेटाइटचे कण असतात, मोटारचं चुंबक ते ओढून घेतं. माझी एक मोटार त्यातच गेली.

झोतभट्टीचा, म्हणजे खनिजातून लोखंड वितळवून काढणाऱ्या भट्टीचा, संच अमेरिकी धर्तीचा आहे, पण गंजाचा रंग आणि लाल धूळ चढल्यावर ओळखीचा वाटतो. लॅडलमध्ये, म्हणजे वितळलेला रस नेणाऱ्या भांड्यात, नारिंगी एलईडी आहे. खोलीतला दिवा मालवला की १९५९ साली राजेंद्रप्रसादांनी सुरू केलेली ती पहिली भट्टी आठवते, आणि स्लॅग, म्हणजे भट्टीतली तप्त मळी, ओतताना तांबूस होणारं आमचं आकाशही.

सर्वांत जास्त आनंद रूळ वाहून नेणाऱ्या गाडीने दिला. भिलाईहून रेल्वेला २६० मीटरचे रूळ जातात. या मापात ते तीन मीटर होतात, माझी मोठी फळीसुद्धा त्याहून आखूड! म्हणून ९० सेंटिमीटरवर भागवलं. प्लास्टिकच्या बारीक पट्ट्या सपाट वाघिणींवर चिकटवल्या, तर पहिल्याच वळणावर गाडी घसरली. बाबा म्हणाले, "अरे, फक्त मधल्या वाघिणीवर बांध. बाकीच्यांवर त्यांना सरकू दे." तसं केलं आणि पट्ट्या वळणाबरोबर अलगद वाकल्या. खरे रूळही असेच जातात. इतकी वर्षं ती गाडी फाटकावर पाहत होतो, पण हे कधी लक्षात आलं नव्हतं.

पावसाळ्यात एमडीएफची (लाकडाचा भुगा दाबून केलेली) फळी फुगली. प्लायवूडची टिकली आहे. दर रविवारी रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतो.

आता दल्ली-राजहऱ्याच्या खाणींतून येणारं लोहखनिज उतरवायची जागा करायची आहे. तिसरी फळी कापून आणली आहे, प्लायवूडचीच.