शिकागोजवळ तंबूत काढलेल्या चौदा रात्री

मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत आम्ही एकूण चौदा रात्री तंबूत झोपलो. घर शिकागोच्या उपनगरात, नेपरव्हिलला, मुलं १३ आणि ९ वर्षांची, आणि जून ते सप्टेंबर सासू-सासरे वाईहून आलेले. म्हणजे कधी चार माणसं, कधी सहा. हे आधीच सांगते, कारण खाली जे काही लिहिलंय ते या सहा जणांच्या झोपेवरून ठरलंय. दिवसा सगळ्याच जागा छान वाटतात. कुठली जागा तंबूला खरंच चांगली, हे रात्री अकरानंतर कळतं.

पहिल्यांदा आरक्षणाचं बोलू. आमचे बाबा, म्हणजे सासरे, तरुणपणी सह्याद्रीत भरपूर फिरलेले. राजगडावर पद्मावतीच्या देवळात चटई टाकून झोपण्याची त्यांना सवय. इथे झोपायच्या जागेलाही नंबर असतो, त्या नंबरापुढे गाडी लावायची, टेबल आणि शेकोटीचं लोखंडी कडं आधीच ठेवलेलं असतं, हे त्यांना आधी पटेना. पण एका बाबतीत ते लगेच खूश झाले: पुढच्या साइटवरचा माणूस कितीही मोठी गाडी घेऊन येवो, आपली जागा आपलीच राहते. त्यासाठी आगाऊ तयारी लागते. इंडियाना ड्यून्ससारख्या राष्ट्रीय उद्यानातल्या साइट्स रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर सहा महिने आधी उघडतात, आणि विस्कॉन्सिनच्या सरकारी जागा तर ११ महिने आधी. ड्यून्सला जुलैतला शनिवार हवा असेल तर जानेवारीत, बर्फ उपसता उपसता तो ठरवावा लागतो. रविवार ते गुरुवार मात्र ऐनवेळीही बऱ्याचदा जागा मिळते. आमच्या चौदापैकी पाच रात्री अशाच मिळालेल्या.

शिकागोच्या आसपास तंबूवाल्यांची मुख्य अडचण अंतराची नाही. अडचण ही की जवळच्या बऱ्याच कॅम्पग्राउंडवर साइट्स विजेच्या जोडणीच्या असतात, म्हणजे आरव्हीवाल्यांच्या (आत झोपायची सोय असलेल्या मोठ्या गाड्यांच्या) सोयीच्या. तंबू लावायला मनाई नसते, पण दोन आरव्हींच्या मधे तंबू लावलात की रात्रभर दोन्हीकडून एसीचा घरघराट ऐकत पडायचं. झायनजवळच्या इलिनॉय बीच स्टेट पार्कमध्ये आम्ही दोन रात्री राहिलो. जागा अप्रतिम आहे. मिशिगन सरोवराचा सहा मैलांहून लांब किनारा, वाळूच्या टेकड्या, मागे ओकची झाडं, आणि १९६४ साली राज्यातलं पहिलं संरक्षित निसर्गक्षेत्र म्हणून जाहीर झालेला भाग. किनारा पूर्वेकडे तोंड करून असल्यामुळे सूर्य पाण्यातून वर येताना दिसतो. त्यासाठी आई (सासूबाई) पहाटे पाचला शाल गुंडाळून निघाल्या आणि मुलांनाही उठवून घेऊन गेल्या. ती सकाळ मला आयुष्यभर हवी आहे. पण झोप नीट झाली नाही. छोटी आरव्ही किंवा कॅम्पर व्हॅन असेल तर ही जागा डोळे मिटून घ्या. नुसता तंबू असेल तर उन्हाळ्याचे शनिवार-रविवार टाळून जा.

आता ज्या जागेवर आम्ही तीनदा जाऊन सहा रात्री काढल्या ती: इंडियाना ड्यून्स राष्ट्रीय उद्यानातलं ड्यूनवुड कॅम्पग्राउंड. नेपरव्हिलहून सव्वा ते दीड तास, शुक्रवारी संध्याकाळी निघालात तर दोन धरा. इथे ६६ साइट्स आहेत आणि वीज एकाही साइटला नाही. त्यातल्या १३ वॉक-इन, म्हणजे गाडी लावून सामान हातात घेऊन थोडं आत चालत जायचं. तंबू असेल तर या तेरांतलीच एखादी मिळवा, एवढं एकच वाक्य या सगळ्यातून लक्षात ठेवलंत तरी चालेल. कूलर उचलून नेताना नवरा कुरकुरला, पण आत गेल्यावर ओकच्या झाडांत दुसऱ्यांचे दिवेसुद्धा दिसेनासे झाले. शेजारच्या गाडीचे हेडलाइट रात्री तंबूवर पडत नाहीत, दारं आपटत नाहीत. मुलगी पहिल्याच रात्री साडेनऊला झोपली, घरी तिला अकरा वाजतात.

एक गोष्ट आधीच माहीत असू द्या: साउथ शोर लाइनचा रेल्वेमार्ग जवळून जातो आणि रात्री गाडीचा भोंगा ऐकू येतो. आम्हाला दुसऱ्या रात्रीपासून त्याची सवय झाली. झोप सावध असेल तर कानात बोळे घाला. याच रेल्वेमुळे ही जागा गाडी नसलेल्यांनाही जमते. शिकागोच्या मिलेनियम स्टेशनवरून बसायचं, बेव्हर्ली शोर्सला उतरायचं आणि पाठीवर सॅक टाकून चालत जायचं. शिकागोत शिकायला आलेल्या माझ्या भाच्याला मी हेच सांगितलं, तो आणि त्याचे दोन मित्र जाऊन आले.

कॅम्पग्राउंड पाण्याला लागून नाही, किनारा साधारण दीड मैल. पण ते चालणं चुकवू नका. शिकागो विद्यापीठाच्या हेन्री काउल्स यांनी १८९९ मध्ये इथल्याच वाळूवर वनस्पतींचा क्रम कसा बदलत जातो ते मांडलं. पाण्याजवळ नुसतं मॅरम गवत, मग कॉटनवुड, आणि आत जावं तसं ओकचं जंगल. म्हणजे किनाऱ्याकडून आत चाललात की जमिनीचं वय वाढत जातं. आपण उलट चालतो, म्हाताऱ्या जंगलातून कोवळ्या वाळूकडे. बाबा निवृत्त शिक्षक. हे वाचल्यावर त्यांनी नातवाला वाटेत दर दहा मिनिटांनी थांबवून झाडं बदललेली दाखवली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात किनाऱ्यावर बसलो होतो तेव्हा सूर्य बरोबर शिकागोच्या उंच इमारतींच्या मागे उतरला. मधे ३५ मैलांचं पाणी, आणि त्यापलीकडे काडेपेट्या उभ्या ठेवाव्यात तसं शहर. ज्या शहरात नवरा रोज कामाला जातो ते असं दिसेल असं मुलांना वाटलं नव्हतं.

या वाळूसाठी लोक किती भांडले तेही कळलं. राष्ट्रीय उद्यान सेवेचे पहिले संचालक स्टीफन माथर यांनी १९१६ मध्ये शिकागोत यासाठी जाहीर सुनावणी घेतली होती. मग अमेरिका दोन महायुद्धांत लढली, किनाऱ्यावर पोलादाचे कारखाने उभे राहिले, इलिनॉयचे सिनेटर पॉल डग्लस यांनी पाठपुरावा केला तेव्हा कुठे १९६६ मध्ये राष्ट्रीय किनारा म्हणून संरक्षण मिळालं, आणि राष्ट्रीय उद्यान हे नाव २०१९ मध्ये. आजही किनाऱ्यावर उभं राहिलं की एका अंगाला कारखान्याच्या चिमण्या दिसतात. मला त्या खटकत नाहीत. त्या दिसतात म्हणूनच मधली वाळू कशी वाचली ते समजतं.

खर्च म्हणाल तर आम्ही गेलो तेव्हा साइट रात्रीला २५ डॉलर होती, उद्यानाचा प्रवेश वेगळा. मूल चौथीत असेल तर त्याच्या नावाने अख्ख्या कुटुंबाचा वर्षभराचा प्रवेशपास फुकट मिळतो. साइटचे पैसे मात्र त्यात येत नाहीत. आमची धाकटी सप्टेंबरात चौथीत गेली, आणि तो पास तिने स्वतः फाटकावर दाखवला.

साइट निवडताना आणखी एक गोष्ट, जी कुणी सांगत नाही. आईंना रात्री दोनदा उठावं लागतं. शौचालय फार लांब असेल तर अंधारात टॉर्च घेऊन चालायचं त्यांना भय वाटतं, आणि अगदी शेजारी असेल तर त्याचा दिवा आणि दाराचा आवाज सगळ्यांना जागं ठेवतो. नकाशात तीन-चार साइट सोडून असलेली जागा घ्या. म्हातारी माणसं बरोबर असतील तर हे सगळ्यांत आधी बघा, पाण्याचं दृश्य नंतर.

घराच्या सगळ्यांत जवळ म्हणजे कुक काउंटीच्या वनक्षेत्रातला कॅम्प बुलफ्रॉग लेक, विलो स्प्रिंग्जला. तिथे एकच रात्र राहिलो. पहिल्यांदा तंबू लावणाऱ्यांनी इथूनच सुरुवात करावी असं मी म्हणेन, कारण काही विसरलं, कुणाला ताप आला, तर अर्ध्या तासात घरी. पॅलॉस भागातलं हे जंगल शहराच्या एवढ्या जवळ असूनही बरंच अंधारं आहे. आणि याच जंगलात, रेड गेट वुड्समध्ये, जगातल्या पहिल्या अणुभट्टीचे अवशेष पुरलेले आहेत. २ डिसेंबर १९४२ ला शिकागो विद्यापीठाच्या मैदानाच्या प्रेक्षागॅलरीखाली सुरू झालेली भट्टी पुढच्या वर्षी इकडे हलवून पुन्हा उभारली गेली होती. तिथे एक दगड आहे, मुलाने त्याच्यासमोर फोटो काढून शाळेत दाखवला.

विस्कॉन्सिनमध्ये दोनदा गेलो. डेव्हिल्स लेक तीन तासांवर. तांबूस-जांभळ्या क्वार्ट्झाइटचे ५०० फुटांचे कडे, मधे सरोवर. बाबांना तिथे सह्याद्रीची आठवण आली, पण दगड हातात घेऊन म्हणाले, "हा आपला बेसाल्ट नव्हे, फारच जुना दिसतोय." खरंच तो दीड अब्ज वर्षांहून जुना आहे. जागा देखणी, गर्दीही तशीच. वर्षातून एकदा ठीक, पण दोन रात्रींसाठी जाऊन-येऊन सहा तास गाडीत म्हणजे मुलं कंटाळतात.

केटल मोरेनचा दक्षिण भाग त्यापेक्षा जवळ, दोन तास. हिमयुगात बर्फाच्या दोन जिभा जिथे एकमेकींना भिडल्या तिथे गोट्यांचे लांबच लांब उंचवटे राहिले, आणि गाडलेले बर्फाचे तुकडे वितळून खड्डे पडले, तेच केटल. शांतता म्हणाल तर आमच्या यादीत हीच जागा पहिली. पण आमची सगळ्यांत वाईट रात्रही इथलीच, आणि दोष जागेचा नाही. जुलैत रात्री अडीचला फोन एकदम ओरडायला लागले, वादळाचा इशारा. मी आधी सगळ्यांना तंबूतच थांबवलं होतं, ते चुकलं. विजा चमकायला लागल्या की तंबू सोडून गाडीत जायचं, वाट बघायची नाही. सहा जण गाडीत दाटीवाटीने बसलो, आईंनी रामरक्षा म्हटली, धाकटी त्यांच्या मांडीवर झोपून गेली. चाळीस मिनिटांनी बाहेर आलो तर तंबूची फायबरग्लासची एक काठी मोडलेली आणि वरच्या शिवणीतून पाणी आत.

म्हणून तंबूबद्दल. आमचा दोनशे डॉलरचा, सहा जणांचा म्हणून विकला जाणारा. सहा जणांचा म्हणजे चार जणांचा समजा. आई-बाबा आल्यावर दुसरा छोटा घ्यावा लागला. बाहेरच्या आवरणाच्या शिवणींना पहिल्या वापराआधीच सीलर, म्हणजे शिवणीची भोकं बुजवणारं द्रव, लावायला हवं होतं, ते मी वादळानंतर लावलं आणि मग एकदाही गळला नाही. काठ्या आता अॅल्युमिनियमच्या आहेत. सोबत आलेल्या बारीक खुंट्या ड्यून्सच्या भुसभुशीत जमिनीत हाताने उपटून येतात, तिथे रुंद पात्याच्या लांब खुंट्या लागतात. सरोवराकाठी थंडी पडली की आतून कापड ओलं होतं. ते गळणं नव्हे, आपलाच श्वास. वरच्या जाळ्या उघड्या ठेवा. हवेच्या गादीने पाठ गार पडते. आई-बाबांसाठी घेतलेल्या घडीच्या खाटा हा उन्हाळ्यातला सगळ्यांत चांगला खर्च.

जेवणाला मी भाजणी, पिठल्याचं सामान आणि वांगी नेते. निखाऱ्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत इथे घरी होत नाही, धुराचा अलार्म वाजतो. तंबूबाहेर मात्र वांगी, कांदे, इलिनॉयची गोड कणसं, सगळं शेकोटीच्या एकाच कड्यात. लाकूड घरून नेऊ नका. ॲश झाडं पोखरणारा हिरवा किडा अशाच लाकडातून एका गावाहून दुसऱ्या गावी पसरला, म्हणून तिथल्याच आसपासचं विकत घ्यायचं. आणि रात्री सगळं अन्न गाडीत. भाजणीची एक पिशवी टेबलावर राहिली होती, सकाळी रॅकूनच्या पावलांचे पिठातले ठसे तेवढे उरले.

मे-जूनमध्ये गोचिडींकडे लक्ष द्या. लाइम रोग पसरवणाऱ्या गोचिडीचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं. आम्ही रोज संध्याकाळी मुलांचे गुडघ्यांमागचे भाग, काखा, केसांची मुळं बघायचो. दोनदा सापडली, दोन्ही वेळा चिमट्याने लगेच काढली.

एका खासगी कॅम्पग्राउंडवरही एक रात्र गेली. तिथे शांततेची वेळ फलकावर दहा लिहिलेली आणि गाणी दीडपर्यंत. सकाळी विचारलं तर पैसे परत मिळणार नाहीत एवढंच उत्तर. खासगी जागा घ्यायचीच असेल तर रात्री तिथे कुणी फेरी मारतं का, हे आधी फोन करून विचारा.

शेवटच्या दोन रात्री ऑक्टोबरात, ड्यूनवुडलाच. आई-बाबा तोवर परतलेले. पहाटे पारा ४० फॅरनहाइटवर, डास एकही नाही, ओकची पानं तांबडी, आणि वॉक-इन भागात आम्ही धरून तीनच तंबू. पुढच्या मेच्या साइट्स नोव्हेंबरात उघडतील. बाबांनी वाईहून तारखा कळवल्या आहेत, आणि नवऱ्याने त्या दिवशी सकाळचा गजर लावून ठेवला आहे.