म्चिंजी की कारोंगा? मलावीचे दोन सीमावर्ती जिल्हे

आफ्रिकेतल्या मलावी देशाच्या पश्चिमेला झांबियाला चिकटलेला म्चिंजी, तर उत्तरेच्या टोकाला टांझानियालगत कारोंगा. दोन्ही शेतीवर जगतात, पण चाल वेगळी.

म्चिंजी सुमारे 1,200 मीटर उंचीच्या पठारावर आहे. मका पोटासाठी, तंबाखू रोकडीसाठी. जोडीला भुईमूग आणि सोयाबीन. राजधानी लिलोंग्वेचा तंबाखू लिलाव रस्त्याने दोन-एक तासांवर. सीमेपलीकडचं चिपाटा शहर 2010 साली रेल्वेने म्चिंजीशी जोडलं गेलं, तरी लोकांची खरी भिस्त ट्रक आणि सायकलींवरच. चेवा समाज दोन्हीकडे आहे. त्यांचा सर्वोच्च प्रमुख झांबियात बसतो, त्यामुळे सीमा नकाशावर ठळक असली तरी नात्यांत फिकी.

कारोंगा खाली, मलावी सरोवराच्या काठी, जेमतेम 500 मीटर उंचीवर. उकाडा जास्त, पण पाणी हाताशी. इथला सुवासिक किलोंबेरो तांदूळ देशभर मागितला जातो, शिवाय सरोवरातली मासळी आहेच. सीमा म्हणजे सोंग्वे नदी, आणि ती पुरात पात्र बदलते! पीक बुडतंच, वर सीमेचाही घोळ. जिल्ह्यातली कायेलेकेराची युरेनियम खाण 2009 मध्ये सुरू झाली, भाव कोसळल्यावर 2014 मध्ये थांबली. खाणीवर विसंबणं किती बेभरवशाचं, ते तेव्हा दिसलं.

बाजारपेठेची जवळीक हवी असेल तर म्चिंजी सरस. पण तंबाखूची जागतिक मागणी घटत असताना मला कारोंगाचा भात आणि मासळी अधिक टिकाऊ वाटते. राजधानी पाचशेहून अधिक किलोमीटर दूर असली, तरी टांझानियाची बाजारपेठ नदीपलीकडेच आहे.