बाळाच्या किटपायी माझे ४६,९३८ रुपये गेले

लाज वाटत होती म्हणून तीन आठवडे गप्प बसले. घरचे आणि तक्रारीपुरते भेटलेले लोक सोडून कोणाला काही बोलले नव्हते. पण परवा आमच्या वाड्यावरच्या एका सुनेने (सातवा महिना लागलाय तिला) मोबाइलवर त्याच किटची पिवळी पिशवी दाखवून विचारले, "ताई, हे घेऊ?" माझ्या हातापायांतले बळच गेले. म्हणून लिहिते आहे.

नाव देत नाही. उत्तर गोव्यात राहते. औषधांच्या कारखान्यात पॅकिंग विभागात अकरा वर्षे झाली. बॅच नंबर, उत्पादनाचा महिना, मुदत, परवाना क्रमांक, यातले एक जरी पुसट छापले गेले तरी माल बाजूला काढायचा, हे माझे रोजचे काम. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचे वाचताना मला किती जळजळ होत असेल ते कळेल.

भावाचे पहिले मूल. वहिनीला आई नाही, त्यामुळे बाळंतपण आमच्याकडेच व्हायचे होते. आईने जुन्या लुगड्यांची दुपटी आणि लंगोट शिवले, शेजारच्या काकींनी कुंची दिली. मी आत्या. मी म्हटले, बाळाच्या तब्येतीचे आणि निगेचे जे काही लागेल ते माझ्याकडून. मोबाइलवर एका पेजची जाहिरात आली: नवजात बाळासाठी आरोग्य आणि निगा किट, १३ वस्तू. थर्मामीटर, नखे कापायची छोटी कात्री, नेलकटर, नखे घासायची कानशी, नाक साफ करायचा पंप, औषधाचा ड्रॉपर, मऊ ब्रश, फणी, बोटात घालायचा ब्रश आणि असेच काहीबाही, सगळे पिवळ्या चेनच्या पिशवीत. ३,९९९ वर काट मारून २,३४९. वर पाठवणीचे ९९. खाली लिहिलेले, "डॉक्टरांनी प्रमाणित". कुठल्या डॉक्टरांनी, ते लिहिलेले नव्हते. माल हातात आल्यावर पैसे द्यायची सोय नव्हती, आधीच भरायचे. १८ जूनला २,४४८ रुपये भरले.

कोणी म्हणेल, म्हापशाच्या बाजारात जाऊन घ्यायला काय झाले होते? सकाळी सातची पाळी, साडेतीनला सुटायचे, बस बदलून घरी यायला पाच. त्यात जूनचा पाऊस, आणि वहिनीचे पाय सुजलेले, म्हणून संध्याकाळचे घरचे सगळे माझ्याकडे. मी आळसाने मोबाइलवरून घेतले नाही. वेळच नव्हता. आणि हे लोक नेमक्या अशाच घरांच्या मागे असतात, जिथे बाळ येणार आहे आणि कोणाला श्वास घ्यायला फुरसत नाही.

२६ जूनला मुलगी झाली. २९ ला पार्सल आले. १३ वस्तूंच्या जागी ९. पिशवी पिवळीच, पण चेन पहिल्याच ओढीला निसटली. पार्सलवर पाठवणाऱ्याचे नाव त्या पेजच्या नावाशी जुळत नव्हते. थर्मामीटरच्या पाकिटावर ना निर्मात्याचे नाव, ना बॅच, ना परवाना क्रमांक, ना छापील किंमत. हे मला दिसले. अकरा वर्षे ज्या हातांनी असला माल बाजूला काढला, त्याच हातांनी ते पाकीट फोडून कचऱ्यात टाकले. घरात बाळंतीण होती, पाणी तापवायचे होते, शेकाची शेगडी पेटवायची होती. मनात म्हटले, चार वस्तू कमी आल्या त्या नंतर बघू. ते नंतर फार महाग पडले.

थर्मामीटर असा पोरखेळ करण्याची वस्तू नाही. नवजात बाळाचे अंग साधारण ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असते. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ किंवा त्याहून जास्त ताप आला, तर घरी औषध देत बसायचे नाही, तडक डॉक्टर गाठायचा. हे आम्हाला घरी सोडताना परिचारिकेने बजावून सांगितले होते. ४ जुलैच्या रात्री, बाळ आठ दिवसांचे, थोडे किरकिरत होते. वहिनीने काखेत थर्मामीटर लावला: ३८.६. पुन्हा लावला: ३८.४. रात्रीचा एक वाजलेला, बाहेर धो धो पाऊस. शेजाऱ्यांना उठवून त्यांच्या ओम्नीतून ओली बाळंतीण आणि आठ दिवसांचे बाळ घेऊन निघालो. वहिनी सगळ्या वाटेने रडत होती. दवाखान्यात मोजले तर ३६.८. दोनदा मोजले. बाळ ठणठणीत, भुकेने किरकिरत होते. घरी येऊन मी तो थर्मामीटर स्वतःच्या काखेत लावला: ३४.९. पाच मिनिटांनी ३७.९.

आमच्याकडे तो आकडा जास्त दाखवत होता, म्हणून नुसती धावपळ झाली. खरा ताप असताना त्याने ३६ दाखवले असते तर? हे मनात आले आणि त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जे केले ते त्या रागात केले.

पेजवर मेसेज टाकले, उत्तर नाही. मग त्या पेजचे नाव टाकून "कस्टमर केअर" असे गुगलवर शोधले. पहिलाच जो नंबर आला तो लावला. हा प्रकार तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे, मलाही ठाऊक होता. पण ठाऊक असलेली गोष्ट रागाच्या भरात आठवत नाही. हिंदीत बोलणारा माणूस, अगदी नम्र. थर्मामीटरचे ऐकून म्हणाला, "मॅडम, बच्चा ठीक है ना?" तेवढ्यावरच मी निम्मी विरघळले. मग तक्रार नोंदवायला एका लिंकवर ५ रुपये भरायला लावले. मग एक ॲप घ्यायला लावले. त्यातून माझी स्क्रीन त्याला दिसत होती, हे मला नंतर कळले. मग म्हणाला, पैसे परत करतो, यूपीआय उघडा, मी सांगतो तो रिफंड कोड टाका. कोड होता २४४८६.

इथे मी थांबायला हवे होते. तो जो कोड मी टाकला, तो ज्या चौकटीत टाकला, तिच्या डाव्या बाजूला रुपयाचे चिन्ह होते. मी ते पाहिले. डोळ्यांनी पाहिले. मनात आलेसुद्धा की इथे रुपया कशाला. तेवढ्यात तो म्हणाला, "मॅडम जल्दी, कोड एक्सपायर हो जायेगा," आणि आतून बाळ रडायला लागले, आणि मी पिन दाबला. एकदा नाही, दोनदा. पहिला कोड चालला नाही म्हणून त्याने दुसरा दिला: १९९९९. बँकेचा मेसेज येईपर्यंत मी तो पण घातला होता. आजही भाजी चिरताना, बसमध्ये बसल्यावर, ते चिन्ह डोळ्यांसमोर येते. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. कधीच नाही. पिन म्हणजे पैसे द्यायचे. क्यूआर स्कॅन करणे म्हणजेही द्यायचेच. आईला मी स्वतः हे शिकवले होते.

हिशेब सांगते: २,४४८ अधिक ५ अधिक २४,४८६ अधिक १९,९९९. एकूण ४६,९३८. त्यातले चाळीस हजार बारशासाठी आणि बाळाच्या पायातल्या वाळ्यांसाठी बाजूला ठेवलेले.

आता पुढचे ऐका, कारण चोरापेक्षा जास्त संताप मला या पुढच्याचा आला.

१९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर. लगेच लावला. सहाव्यांदा लागला. तिथल्या मुलीने नीट ऐकून घेतले, तक्रार क्रमांक दिला, तिला दोष देत नाही. पण ते सहा प्रयत्न होईपर्यंत पैसे कुठून कुठे गेले असतील. बँकेत गेले तर साहेब जेवायला गेलेले. पाऊण तास बसले. आल्यावर पहिले वाक्य, "पिन तुम्हीच टाकलात ना?" मी म्हटले, रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर ग्राहकावर जबाबदारी नाही असे आहे. ते म्हणाले, ते ज्यांनी व्यवहार केलाच नाही त्यांच्यासाठी, तुम्ही तर स्वतः केलाय. नियम तसाच आहे हे मला मान्य. पण समोरच्या खात्यात पैसे असताना निदान त्या बँकेला फोन तरी लावा! म्हणाले, ईमेल पाठवतो. पाठवला चार वाजता.

पोलीस ठाण्यात गेले. मी मराठीत अर्ज लिहून नेला होता, दोन पाने, तारखा-रकमांसह. टेबलावरच्या माणसाने उलटसुलट केला आणि म्हणाला, इंग्रजीत लिहून आणा. का म्हणून? गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा आहे आणि मराठीलाही सरकारी कामात जागा दिलेली आहे. मी मराठी शाळेत शिकले, माझी तक्रार मी मराठीत देणार. त्यावर म्हणाला, मग सायबरवाल्यांकडे जा, ही आमची हद्द नाही. सायबरवाल्यांनी सांगितले, रक्कम पन्नास हजारांच्या आत आहे, आधी तुमच्या ठाण्यात नोंद करा. पावसात दोन दिवस, दोन रजा, बिनपगारी. तिसऱ्या दिवशी आमच्या ओळखीच्या एका वकीलबाई सोबत आल्या. त्यांनी टेबलावर हात ठेवून एवढेच सांगितले की १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, तुम्हाला नोंदवून घ्यावाच लागतो. दहा मिनिटांत कागद निघाला. माझा तोच मराठी अर्ज त्याच टेबलावर स्वीकारला गेला. वकील सोबत असल्यावर भाषाही चालते आणि हद्दही चालते. ज्या बाईला वकील ओळखीचा नाही तिने काय करायचे?

एक हवालदार तर हसून म्हणाला, "एवढ्याशा किटसाठी ऑनलाइन कशाला गेलात, म्हापशाला मिळते की." मला माहीत आहे मिळते. आता मी तेच केले. औषधाच्या दुकानातून डिजिटल थर्मामीटर घेतला, २२० रुपये, बिलासकट. पाकिटावर निर्माता, परवाना क्रमांक, महिना-वर्ष, छापील किंमत सगळे. तुम्हीही हेच बघा आणि पाकीट फेकू नका. घेतल्यावर आधी स्वतःच्या काखेत दोन-तीनदा लावून बघा, आकडा उड्या मारत असेल तर तसाच परत. बाळासाठी गोल टोकाची छोटी कात्री आणि कानशी पुरते, आणि नखे झोपेत असतानाच कापायची. नाकाच्या पंपाची गरजच पडली नाही. नाक बंद झाले तर सलाइनचे थेंब डॉक्टरांना विचारून, आणि पंप वापरलाच तर हलक्या हाताने, पुन्हा पुन्हा नाही. किटमध्ये कानासाठी कापसाच्या काड्या होत्या, त्या बाळाच्या कानात घालायच्याच नसतात. एक काजळाची डबीही फुकट होती, ती मी त्याच दिवशी टाकली, कारण काजळात शिसे सापडलेले आहे. म्हणजे "डॉक्टरांनी प्रमाणित" किटमध्ये दोन वस्तू अशा, ज्या कुठलाही डॉक्टर वापरू नका म्हणेल.

फसलात तर बँकेत धावण्याआधी १९३०. लागेपर्यंत लावत राहा. सोबत सायबरक्राइमच्या सरकारी संकेतस्थळावर तक्रार. मालाची तक्रार वेगळी, ती १९१५ वर, ग्राहक हेल्पलाइनला. तिथे माझी दहा मिनिटांत नोंद झाली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला ग्राहक आयोगात फी पडत नाही आणि तक्रार तुम्ही राहता तिथल्या आयोगात करता येते, विक्रेता कुठल्याही राज्यातला असो. नंबर शोधायचाच असेल तर वस्तूच्या पाकिटावरचा घ्या. पाकिटावर नंबर नसेल तर ती वस्तूच घेऊ नका.

माझ्या पैशांतले ६,३१० रुपये एका खात्यात अडकवून ठेवल्याचे कळवले आहे. ते सोडवायला न्यायालयाचा आदेश आणा असे मला सांगितले, त्याचा अर्ज वकीलबाई लिहून देत आहेत. बाकीचे कुठे आहेत ते कोणी सांगत नाही. बारसे झाले, साधेच. वाळे आईने स्वतःच्या जुन्या चांदीतून करून घेतले. वहिनी मला एका शब्दाने बोलली नाही, आणि ते मला सगळ्यात जड जाते.

ते पेज बंद झाले होते. आता दुसऱ्या नावाने चालू आहे, फोटो तोच, पिवळी पिशवी तीच, आता किंमत २,१९९. मी रोज त्याची तक्रार नोंदवते. पुढच्या आठवड्यात ठाण्यात पुन्हा बोलावले आहे. उरलेल्या सगळ्या वस्तू, पार्सलचे वेष्टन आणि तो थर्मामीटर पिशवीत भरून ठेवला आहे, सोबत घेऊन जाणार आहे. अर्जही मराठीतच आहे.