चकवा की भानामती?
रात्री माळावर वाट चुकलेला माणूस फिरून फिरून त्याच बाभळीपाशी आला, की त्याला चकवा लागला म्हणतात. कपडे आपोआप पेटले, घरावर दगड पडले, की मराठवाड्यात भानामती. चकवा शब्द मी बिनदिक्कत वापरतो. त्यात दोष कुणाचाच नाही, उजाडलं की सुटतो. शिवाय सूर्य-चंद्र दिसत नसले की माणसं खरंच गोल फिरतात, हे २००९ साली जर्मनीतल्या संशोधकांनी मोजून दाखवलं.

भानामतीला मात्र 'करणारा' लागतो. संशय अनेकदा गावातल्या एखाद्या एकट्या बाईवर जातो. पुढे हात घरातल्याच कुणाचा निघाला, तरी तोवर तिला मारहाण होऊन गेलेली असते. म्हणूनच महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात, अमुक माणूस करणी करतो अशी आवई उठवणं हाही गुन्हा आहे.