'सिंगलस्पीड' म्हणून गळ्यात मारलेली गिअरची फ्रेम

कोल्हापुरात गिअरच्या सायकलींच्या जुन्या फ्रेम रंगवून 'सिंगलस्पीड', म्हणजे एकाच गिअरच्या, म्हणून खपवल्या जातायत. आमच्याकडे कामाला आलेल्या एका फ्रेमचे पैसे कॉलेजच्या पोरानं नुसते फोटो बघून यूपीआयवर पाठवले होते. फोटो सगळे पुढून नाहीतर डावीकडून. मागचा एक्सल जिथं बसतो ती खाच, म्हणजे ड्रॉपआउट, एकाही फोटोत नीट दिसत नव्हती. सगळी मेख तिथंच होती.

सिंगलस्पीडला डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा आणि चेन ताणून धरणारा भाग, नसतो, त्यामुळं चेन ताणायची तर चाक मागं सरकायला हवं. त्यासाठी खाच आडवी लागते. दूधवाल्यांच्या जुन्या काळ्या सायकलींना असते तशी. गिअरच्या बहुतेक फ्रेमला ती उभी असते, चाक हलतच नाही.

या फ्रेमची उभी खाच ग्राइंडरनं आडवी वाढवली होती, डिरेलर टांगायचा कान कापला होता आणि वर पुट्टी भरून काळा स्प्रे मारला होता. एक्सल १० मिमीचा. व्हर्नियर लावला तर उजवी खाच ११.५ आणि डावी १०.५ मिमी! नट कितीही आवळा, उभं राहून पेडल मारलं की उजवं टोक पुढं सरकतं आणि टायर डाव्या नळीला घासतो.

काहीजण खाच न कापताच विकतात. पुढच्या-मागच्या चक्रांच्या दातांचं गणित असं जुळवतात की नवी चेन उभ्या खाचेतही बरोबर ताठ बसते. दुकानात काही कळत नाही. पण चेनचे साधारण १०० जोड, प्रत्येकी १२.७ मिमी, अर्धा टक्का झीज झाली की लांबी ६ मिमी वाढते. हा सगळा ढिलेपणा खालच्या बाजूला गोळा होतो, मधे दाबली तर चेन तीनेक सेंटिमीटर हलते आणि खड्ड्यात उतरते. जोड काढायचा म्हटलं तर हाफ लिंकनंसुद्धा, म्हणजे एकच जोड कमी करूनही, १२.७ मिमी जातात, हव्यात त्याच्या दुप्पट.

मग स्प्रिंगचा टेन्शनर, म्हणजे चेन ताणून धरणारी पुली, विकतात. फ्रीव्हील असेल, म्हणजे पेडल थांबलं तरी चाक फिरत असेल, तर तो चालतो, पण पुली चेनला वर ढकलणारी घ्या, म्हणजे मागच्या चक्राचे जास्त दात चेनमध्ये राहतात. खाली दाबणारी असेल तर पन्हाळ्याच्या चढाला चेन उड्या मारते. फिक्स्ड (पेडल चाकाबरोबर फिरतच राहतं) किंवा कोस्टर ब्रेकला (उलटं पेडल मारून लागतो) टेन्शनर अजिबात लावू नका. उलटा जोर आला की खालची चेन ताठ होऊन त्याचा दांडाच मोडते. आणि या पोराच्या फ्रेमचा कानच कापलेला, म्हणजे साधा टेन्शनर लावायलाही जागा उरली नव्हती.

'उद्यमनगरातून वेल्डिंग करून देतो' असंही सांगतात. स्टीलच्या फ्रेमला चांगला कारागीर नवे ड्रॉपआउट बसवू शकतो. ६०६१ अ‍ॅल्युमिनियमची मात्र वेल्डिंगनं ताकद जाते, पुन्हा हीट ट्रीटमेंट केल्याशिवाय ती येत नाही. ती फ्रेम घेऊच नका.

पैसे देण्याआधी चाक काढून उजव्या ड्रॉपआउटचा फोटो मागा, शेजारी पट्टी ठेवून. चेनची एक पूर्ण जोडी, म्हणजे दोन जोड, काढली की चाक साधारण १२.७ मिमी सरकतं, म्हणून खाचेत निदान १५ मिमी जागा हवी. दोन्ही ड्रॉपआउटमधलं आतलं अंतरही मोजा, चाकाचा हब तिथं बसायला हवा: ट्रॅक हबला १२०, रोड सायकलच्या हबला १३०, एमटीबीच्या (माउंटन बाइक) हबला १३५ मिमी. स्टील असेल तर खाचेभोवती लोहचुंबक फिरवा, पुट्टीवर पकड ढिली पडते. पावतीवर 'आडवे ड्रॉपआउट, न कापलेले' असं लिहून घ्या. ऑनलाइन पैसे देऊन विकणारा गायब झाला तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा. दुकानदार दाद देत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, तिथं ही पावतीच कामाला येते.